बाई अजून दारातच आहे

दिल्लीत खोली भाड्यानं देताना आपली मराठी माणसं आधी आडनाव विचारतात. आडनावानं समाधान झालं नाही तर गाव विचारतात, मग वडील काय करतात ते, मग भुवई उंचावून "नॉनव्हेज?" मी नागपूरहून आले तेव्हा नोकरी नोएडात होती आणि खोली हवी होती मयूर विहारमध्ये. तिथल्या सोसायट्यांचे जिने चढून पाय दुखले. माझं आडनाव कानावर पडलं की रिकामी खोली अचानक कुणाच्या तरी पुतण्यासाठी राखून ठेवलेली निघायची. एवढे पुतणे खरंच दिल्लीला निघाले असते तर रेल्वेला जादा गाड्या सोडाव्या लागल्या असत्या.

शेवटी ज्यांच्या दारात पोचले त्या मावशींनी आडनाव विचारलंच नाही. दार उघडलं, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "मनगट."

"काय?"

"मनगट दे गं. भाजी चिरून आली नाहीस ना? मग बस."

एका जाड काचेच्या बाटलीतून माझ्या मनगटावर एक फवारा आला. वास म्हणाल तर आईशप्पथ, फुलांच्या हाराला कुणीतरी डोकेदुखीचा बाम चोळावा तसा. कच्चा देठ, ओलं रबर आणि कुठंतरी मागे एक फूल गुदमरलेलं. खोलीची गरज मला होती, त्यामुळे मी तोंडभर हसून म्हणाले, "किती छान!"

"खोटं बोलतेस. आत्ता ती छान नसतेच. बाई अजून दारातच आहे. चपला काढू दे, पाणी पिऊ दे, मग बोलेल." बाई म्हणजे ते अत्तर, हे कळायला मला वेळ लागला.

मग त्यांनी मला बसवून घेतलं. चहा झाला, पोहे झाले, माझ्यापुढे मेथीची जुडी आली आणि ती मी निवडलीसुद्धा. तासाभरानं बाई आत आली. निशिगंध आला, पाठोपाठ मोगरा, आणि अनंताच्या फुलाचा तो सायीसारखा दाट वास. मी बोलता बोलता मनगट नाकाशी नेत होते आणि मावशी तिरक्या डोळ्यानं पाहत होत्या. तिसऱ्या तासाला फूल असं उरलंच नव्हतं. उन्हात वाळलेलं सुती पातळ, थोडंसं मीठ आणि माणसाच्या अंगाची ऊब, एवढंच होतं. मावशींनी माझं मनगट नाकाशी धरलं, डोळे मिटले आणि निकाल दिला, "राहा. मटण करशील तेव्हा मला वाटीभर. बाकी अट नाही."

मी पुढे एकदा विचारलं, "मावशी, या परीक्षेत कुणी नापास झालंय का हो?"

"मानेसरच्या गाड्यांच्या कारखान्यातली एक मुलगी आली होती. तिच्या अंगावर बाईनं तोंडच उघडलं नाही. शेवटपर्यंत नुसता साबण."

"मग?"

"मग काय? लग्न होईपर्यंत इथेच राहिली. सोन्यासारखी पोर! अगं, माणूस तीन तास समोर बसलं की सगळं कळतं. पण नुसतं 'तीन तास बस' म्हटलं तर कोण बसेल? बाईचं निमित्त."

मावशी केंद्र सरकारच्या कुठल्याशा मंत्रालयातून मोठ्या पदावरून निवृत्त झालेल्या. मूलबाळ नव्हतं. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली. त्यांचा विषय त्या फार काढायच्या नाहीत, काढला की हसत काढायच्या. पहिल्यांदा हे अत्तर लावून त्या घरी आल्या तेव्हा यजमान म्हणाले होते, "कुणाच्या लग्नाला गेली होतीस?" त्या म्हणाल्या, "आपल्याच." मग दोघंही जेवण सोडून हसत बसले म्हणे. तेव्हापासून एकच अत्तर. त्याचं विलायती नाव त्यांनी कधी उच्चारलं नाही. कुणी त्याला 'सेंट' म्हटलं की त्यांच्या कपाळावर आठ्या, आणि 'डिओ' म्हणणाऱ्याला चहा मिळायचा नाही.

त्यांच्या दिवसाचे तास घड्याळाचे नव्हते, बाईचे होते. सकाळी बाई दारात असताना पाणीवाला, प्लंबर, सोसायटीचा मॅनेजर यांच्याशी भांडणं उरकायची. "आत्ता ती माझ्या बाजूनं भांडते." ती घरात आली की फोनवर गप्पा. आणि ती अंगाला लागली की मग कुणाचं दुःख ऐकायचं असेल तर ऐकायचं. मी एकदा सकाळीच ऑफिसातल्या बॉसचं रडगाणं घेऊन बसले तर म्हणाल्या, "चारनंतर ये. आत्ता मी तुझ्या बॉसची बाजू घेईन."

अत्तर कुठं लावायचं याचेही नियम होते. कपड्याला नाही, लोकरीला तर मुळीच नाही. "लोकर चहाडखोर असते, होळीपर्यंत सांगत सुटते." मनगटाला, कानामागे आणि गुडघ्याच्या मागे.

"गुडघ्याच्या मागे कुणासाठी मावशी?"

"वर चढण्यासाठी. वास खालून वर चढतो, कळलं? तू सायन्सची ना? आणि कुणासाठी असलं तर तुला काय करायचंय?"

मेट्रो स्टेशनवर बायकांची झडती घेणारी जी शिपाईण होती, ती मला पडद्याआड घेतलं की विचारायची, "आंटी आगे निकल गईं ना?" मावशी गेल्याला दहा-पंधरा मिनिटं झालेली असायची, तरी हिला पत्ता. चौथ्या मजल्यावरचे पंजाबी अंकल एकदा लिफ्टमध्ये शिंकून शिंकून बेजार झाले आणि चिडून म्हणाले, "बहनजी, लिफ्ट में किसकी शादी है?" मावशी शांतपणे म्हणाल्या, "आपकी. हम तो बाराती हैं." तेव्हापासून अंकल जिन्यानं जायला लागले. त्यांचं वजन घटलं आणि त्यांच्या मिसेस मावशींना गाजर हलवा पाठवायला लागल्या.

एकदा मी म्हणाले, "पांढऱ्या फुलांचा वास कसा सोज्वळ असतो ना!" मावशींना हसू आवरेना.

"सोज्वळ? अगं, पांढरी फुलं सगळ्यात चावट! ती पांढरी असतात ती अंधारात पतंगांना दिसावीत म्हणून. आणि मोगरा नीट हुंगून बघ कधी. पोटात थोडं कुजकं असतं. ते काढून टाकलं की उरतो तो साबण. लोकांना पांढरं म्हटलं की सोवळं वाटतं. बायकांना नवरा गेल्यावर पांढरं नेसवायचे ना, त्यांना वाटलं हिचा विषय संपला." आणि पुढे म्हणाल्या, "बागेत जायला हवं होतं त्यांनी एकदा, दिवस मावळल्यावर."

आता हळदीकुंकवाकडे यायला हवं, कारण मावशींचा जीव कुठं अडकला होता तर तिथं.

आमच्या भागातल्या मराठी मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू म्हणजे मोठा थाट. हळद, कुंकू, हाताच्या पालथ्या बाजूला अत्तर, तिळगूळ आणि शेवटी वाण. आता मावशी विधवा. पण मंडळातल्या जुन्या बायकांना सुधारकही व्हायचं होतं आणि शास्त्रही मोडायचं नव्हतं, म्हणून त्यांनी मधली वाट काढली होती. विधवेनं कुंकू लावायचं नाही, लावून घ्यायचं नाही, वाण घ्यायचं नाही. अत्तराबद्दल मात्र शास्त्रात कुणाला काही सापडलं नव्हतं. म्हणून अत्तर लावायला मावशी!

"शोधायला विसरले असतील," मावशी म्हणायच्या. "तू आठवण करून देऊ नकोस."

आमच्या घरी हळदीकुंकू नाहीच. आम्ही बौद्ध, आणि आई म्हणायची, ज्या रांगेत बाईला नवऱ्यावरून जागा मिळते त्या रांगेत आपण नाही. मी हे मावशींना स्पष्ट सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "तुझी आई शहाणी आहे. पण मला जायचंय. तू पिशव्या धरायला चल." मला त्या रांगेत उभं राहायचं नव्हतं आणि त्यांना कुणी उभं राहू देत नव्हतं. कदाचित म्हणूनच आमचं जमलं.

दिवाळी संपली की त्यांची तयारी सुरू. कुठली साडी, कुठली शाल. बाटलीतली बाई एका छोट्या चांदीच्या अत्तरदाणीत ओतायची, त्याआधी ती दाणी चिंचेनं घासून लख्ख करायची. मी चेष्टा केली की म्हणायच्या, "हसू नकोस. नवरा गेला की लोक लांबून नमस्कार करतात. हात हातात कोणी देत नाही. त्या एका दिवशी झाडून सगळ्या बायका आपणहून माझ्यापुढे हात करतात." हे त्या नेहमीच्याच सुरात बोलल्या, पण मी त्यानंतर चेष्टा केली नाही.

आणि मग ते वर्ष आलं. कार्यक्रम सोसायटीच्या लॉनवर होता, ऊन पडेल या आशेवर. पडलं धुकं. बायका स्वेटरवर शाल, शालीवर मफलर अशा. वाण म्हणून पानिपतहून घाऊक आणलेले नॅपकिन होते, ते काहीजणींनी कानाला बांधले. मावशींनी प्रत्येकीच्या हाताला एकेक थेंब लावला. थंडीत अत्तर उघडत नाही, मुकाट बसून राहतं. बायका हात हुंगून एकमेकींकडे बघायला लागल्या. मंडळाच्या नव्या सेक्रेटरीणबाई मोठ्यांदा म्हणाल्या, "मावशी, यंदा पाणी घातलंत की काय?" सगळ्या हसल्या.

मावशींचा चेहरा मी पाहिला. त्यांनी अत्तरदाणीची काडी परत बुडवली आणि सगळ्यांना दुसरा थेंब लावला. मग तिसरा.

थंडी सोसेना, तेव्हा सगळ्या जणी कम्युनिटी हॉलमध्ये गेल्या. दारं लावली, खिडक्या लावल्या, चारी कोपऱ्यांत ब्लोअर सुरू केले. पाहुण्या म्हणून आलेल्या कुणा साहेबांच्या मिसेस महिला सबलीकरणावर बोलायला उभ्या राहिल्या. आणि बाई उघडली. एकदम, सगळ्या हातांवर, एकाच वेळी! आधी कुणीतरी म्हणालं, "अय्या, किती छान." मग कुणीतरी, "जरा जास्तच नाही का?" मग खोकला सुरू झाला. पाहुण्याबाई 'सबलीकरण' हा शब्द अर्धा सोडून शिंकल्या त्या शिंकतच राहिल्या, आणि पदर नाकाला लावून ड्रायव्हरला हाका मारत बाहेर धावल्या. तिळाच्या लाडवांना निशिगंधाची चव लागली. खिडक्या उघडल्या तर धुकं आत, लावल्या तर बाई आत. आमचं पानिपत त्या दिवशी मयूर विहारमध्येच झालं.

घरी येताना मी म्हणाले, "मावशी, तुम्हाला माहीत होतं."

"पहिला थेंब रीतीचा होता," त्या म्हणाल्या. "दुसरा हौसेचा. तिसरा रागाचा होता. तो चुकला."

तो किती चुकला ते पुढच्या जानेवारीत कळलं. सेक्रेटरीणबाई स्वतः घरी आल्या, सोफ्याच्या अगदी टोकावर बसल्या. "मावशी, यंदा आपण गुलाबपाणी ठेवतोय. तुम्ही आराम करा. खुर्चीत बसा, मजा बघा."

"बरं. आणि?"

"आणि काही नाही. ॲलर्जी असते ना हल्ली. शिवाय काहीजणींचं म्हणणं पडलं की... म्हणजे तुम्हाला माहीतच आहे. सवाष्णींच्या कार्यक्रमात, तुमच्या हातून..."

"विधवा म्हण. तोंड भाजत नाही."

सेक्रेटरीणबाईंनी मान खाली घातली. वाईट नव्हती ती बाई. चार जणींचं ओझं वाहणारी होती. "फक्त ती बाटली आणू नका, प्लीज."

"बाटली आणणार नाही. अत्तरदाणीही नाही. शब्द देते."

सेक्रेटरीणबाई गेल्या, दार लागलं. दुपार होती, बाई अंगात मुरायची वेळ. मी संतापले होते. म्हटलं, "जाऊच नका. खड्ड्यात गेलं त्यांचं हळदीकुंकू."

"का? न जायला मी मेलेय की काय?" त्या म्हणाल्या, पण आवाज नेहमीचा नव्हता. "वर्षातून एक दिवस होता गं. माझ्याच रागानं घालवला." त्यांच्या डोळ्यांत पाणी मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मी उठून चहा टाकला.

कार्यक्रमाच्या दिवशी जेवण झाल्या झाल्या त्यांनी हात धुतले, कोरडे केले आणि दोन्ही हातांना कोपरापर्यंत बाई लावली. एक फवारा नाही, मी मोजायचं सोडून दिलं. मग कडाक्याच्या थंडीत अर्ध्या बाह्यांचं ब्लाउज, वर शाल. आणि निघताना रबरी पिशवीत गरम पाणी भरून घेतलं.

"ही कशाला?"

"म्हाताऱ्या माणसाचे सांधे दुखतात. कुणाची हरकत?"

"मावशी, तुम्ही शब्द दिलाय!"

"बाटली न आणण्याचा. मी स्वतः न येण्याचा कुठं दिलाय?"

हॉलमध्ये त्या रांगेच्या शेवटी, भिंतीजवळच्या खुर्चीत बसल्या. शालीखाली गरम पिशवी, पिशवीवर दोन्ही मनगटं. तव्यावर भाकरी ठेवून बसावं तशा शांत. मी मागे उभी. रांगेत बायका एकमेकींना हळदकुंकू लावत होत्या, मग गुलाबदाणी यायची आणि गार पाण्याचा शिडकावा तोंडावर. "अगं बाई!", "हाय रे, ठंडा!" असे चीत्कार. मावशी समोर बघून मंद हसत होत्या.

बराच वेळ कुणी आलं नाही. मग त्यांनी शाल जराशी सैल केली.

आमच्या मंडळातल्या सगळ्यात म्हाताऱ्या सवाष्ण म्हणजे एक आजी, नजर अधू झालेली. त्या गुलाबपाण्यानं ओल्या झालेल्या, थबकल्या. नाक वर करून वळल्या आणि सवयीनं येऊन मावशींपुढे हात पालथा केला.

"आज नाही हो माझ्याकडे काही," मावशी म्हणाल्या.

"मग वास कुठनं येतोय?"

"तो माझा आहे. मघाचा उरलेला."

"असू दे उरलेला. उरलेलंच चांगलं लागतं," आजी म्हणाल्या, आणि चाचपडत त्यांनी मावशींचं मनगट धरलं, आपल्या हाताची पालथी बाजू त्यावर घासली. हुंगली. "हं. गेल्या वर्षी डोकं उठलं होतं. हे बरंय."

त्यांच्या मागून त्यांची सून आली. सुनेमागून तिची मैत्रीण. गुलाबपाण्यानं गारठलेल्या बायकांना ऊब लागत होती, वास लागत होता. बघता बघता हॉलमधली रांग वळली आणि भिंतीपाशी आली. एकेक जण एका हातानं मावशींचं मनगट धरायची, दुसरा हात त्यावर घासायची, काहीतरी बोलायची, हसायची. मावशी प्रत्येकीला टोमणा मारत होत्या. "तुझे हात केवढे गार, नवरा भांडी घासायला लावतो का?" "हळू गं, साल निघेल माझी." मागून मी बघत होते आणि मला त्यांच्या पाताळयंत्री डोक्याचं इतकं कौतुक वाटत होतं की विचारू नका.

पण एक गोष्ट त्यांच्याही डोक्यात आली नव्हती. या सगळ्या जणी नुकत्याच एकमेकींना हळदकुंकू लावून आल्या होत्या. त्यांची बोटं माखलेली होती. टोमणे मारता मारता मावशींनी खाली पाहिलं. मनगटांपासून कोपरापर्यंत त्यांचे दोन्ही हात पिवळे आणि लाल झाले होते.

पुढे जी कोण उभी होती तिला टोमणा मिळाला नाही. मागच्या बायकांनीही मग पाहिलं. मला वाटलं, आता कुणीतरी काहीतरी वेडंवाकडं बोलणार. पुढं उभ्या असलेल्या बाईनं आपल्या बोटांकडे पाहिलं, मावशींच्या हातांकडे पाहिलं, आणि निमूटपणे मनगट धरून आपला हात घासला. तिच्या मागचीनंही तेच केलं.

सेक्रेटरीणबाई लगबगीनं आल्या. हातात वाणातला नवा नॅपकिन. चेहरा लालबुंद. "मावशी, हे घ्या, पुसून टाका पटकन. डाग पडतील."

मावशींनी नॅपकिन घेतला. उलटून पालटून बघितला, घडी नीट केली आणि पर्समध्ये टाकून चेन ओढली.

"वाण समजून घेते हं," त्या म्हणाल्या.

सेक्रेटरीणबाई तशाच क्षणभर उभ्या राहिल्या, मग त्यांनीही वाकून मावशींचं मनगट धरलं.

आम्ही घरी आलो. मी हात धुऊन पानं घेतली. वरण, भात, वर तूप. मावशी आयुष्यभर हातानं जेवणाऱ्या, चमच्यानं वरणभात खाणाऱ्याला त्या आजारी समजत. त्या बेसिनकडे गेल्याच नाहीत. तशाच येऊन पाटावर बसल्या, दोन्ही हात मांडीवर जपून ठेवलेले.

"चमचा दे," म्हणाल्या.

मी चमचा आणला. त्यांनी तो बोटांच्या अगदी टोकांनी धरला आणि कोपर उंच धरून, एकेक घास सांभाळत जेवायला लागल्या. मी जेवायचं सोडून बघत राहिले.

"बघतेस काय," मावशी म्हणाल्या, "पापड भाज."